कुमुदपर्यंतचा वेग

कुमुदने सकाळी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, चहा टाकू का?" ते दिगंबररावांना ऐकू आलं दुपारी, पेपरातलं शब्दकोडं सोडवताना.

ते हॉलमधल्या खुर्चीत बसले होते आणि स्वयंपाकघर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आवाज नेहमीचाच होता. कुठे अडखळलेला नाही, चिरकलेला नाही, फक्त उशिरा आलेला. त्यांनी मान वर न करता "टाक" म्हटलं. चहा दिवेलागणीला आला. टीपॉयवर कप होता, कपातून वाफ निघत होती, आणि कप ठेवताना वाजायला हव्या होत्या त्या बांगड्या अर्धा चहा पिऊन झाल्यावर वाजल्या.

दिगंबररावांनी फारसं मनावर घेतलं नाही. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली की बऱ्याच घरांत प्रश्न आणि उत्तर यांच्यात एवढी फट पडतेच, आणि त्या फटीत माणसं पेपर वाचून काढतात. शिवाय इंटरनेटची नवी लाईन आदल्याच दिवशी बसली होती. कंपनीचा बागवान नावाचा माणूस शिडीवर चढून चपलांच्या कपाटावर एक पांढरा डबा ठोकून गेला होता. जाताना म्हणाला होता, "आता घरातलं सगळं ह्याच्यावरनंच जाणार, सर." दिगंबररावांना वाटलं, सगळं म्हणजे टीव्ही आणि मोबाइल. सगळं म्हणजे सगळं, हे त्यांना रात्री कळलं. जेवणं आटोपून भांडी घासून झाली आणि मग आमटीच्या फोडणीचा वास आला. वास चांगला खमंग होता. त्यांना परत भूक लागली.

दिगंबर आष्टेकर हे वजनमापे निरीक्षक होते. सांगली-मिरजेच्या बाजारपेठेत त्यांची स्कूटर दिसली की तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच दुकानदार गुपचूप काढून तोंडात टाकत. दोन तागड्या एकाच वस्तूची दोन वजनं दाखवायला लागल्या की त्यांतली एक खोटी, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव. आणि तीनदा तोलून तिन्ही वेळा सारखं भरल्याशिवाय वजनावर शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा नियम. हा नियम ते घरीही पाळत. दूधवाल्याचं माप, गॅसची टाकी, रद्दीवाल्याचा काटा, काही सुटत नसे. कुमुदच्या पाटल्या घडवल्या तेव्हा सोनाराच्या दुकानात त्यांनी तीनदा वजन करायला लावलं आणि कुमुद तेवढा वेळ नुसत्या हातांनी बसून राहिली. तिने त्यावरून त्यांना पुढे वर्षानुवर्षं चिडवलं. "अहो, मला घरी आणताना तरी एकदाच मोजलंत ना?" असं ती म्हणायची, आणि ते हसायचे.

तेव्हा लाईन सावकाश आहे असं वाटल्यावर त्यांनी ती मोजली यात नवल नाही. मोबाइलवर वेग मोजायची सोय होती. बटण दाबलं की एक काटा थरथरत वर जाई. हॉलमध्ये काटा थेट शंभरावर गेला. कंपनीने शंभरच कबूल केले होते. दिगंबररावांना बरं वाटलं. मग त्यांनी लॅपटॉप बेडरूममध्ये नेऊन मोजलं, तर अकरा. तिथेच मोबाइलवर तीस. दुसऱ्या एका साइटवर चौसष्ट. परत पहिल्या साइटवर, नऊ.

एकच घर, एकच संध्याकाळ, एकच तार, आणि इतके आकडे. त्यांना आतून खवळल्यासारखं झालं. यांतला कोणीतरी एक लबाडी करत होता. ते झोपेपर्यंत मोजत राहिले, आणि ते मोजत होते तोवर स्वयंपाकघरातून काहीही आलं नाही. आवाज नाही, वास नाही, भांड्यांचा खणखणाट नाही. कुमुद झोपायलाही आली नाही. तिकडे अजून सकाळच असणार, असं म्हणून ते आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी तोंड धुताना कुमुदचा आवाज आला.

"अहो, मला जरा"

एवढंच आलं. दिगंबररावांनी नळ बंद केला आणि थांबले. पुढचं येईना. तोंडावरचं पाणी वाळलं. "काय गं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बाथरूममधून बाहेर पडून पॅसेजच्या दिशेने गेला तो त्यांनी कानांनी बराच लांबपर्यंत पाहिला.

मग ते मनातल्या मनात वाक्य पुरं करायला लागले. मला जरा बाजारात जायचंय. मला जरा डबा काढून द्या. मला जरा आईला फोन करायचाय. ही सगळी वाक्यं रोजची होती, ती त्यांना चालली असती. पण तिचा आवाज बाजारात निघालेल्या बाईचा नव्हता. मला जरा बरं वाटत नाहीये, हे वाक्य त्यांना शेवटी सुचलं. दिगंबररावांना भीती वाटली. इतकी, की टॉवेल हातात असून ते टॉवेल शोधत राहिले.

ते पॅसेजच्या तोंडाशी आले. हा पॅसेज म्हणजे जेमतेम एका कपाटाच्या लांबीचा. डाव्या हाताला दुधाच्या खाड्यांच्या फुल्या मारलेलं कॅलेंडर, मग फ्रिज, मग स्वयंपाकघर. आज कॅलेंडर दोनदा आलं. दुसऱ्या कॅलेंडरच्या पलीकडे भिंत तशीच पुढे जात राहिली होती, आणि अगदी टोकाला स्वयंपाकघराचा उजेड होता, दाराच्या कडीएवढा. त्या उजेडात कुमुद पाठमोरी उभी होती. अंगठ्याएवढी दिसत होती. तिची हिरवी साडी त्यांनी काठावरून ओळखली.

कोणीही माणूस अशा वेळी धावत सुटला असता. दिगंबररावांचाही एक पाय उचलला गेला होता. पण नोकरीत त्यांनी एक गोष्ट अंगी बाणवली होती, आधी माप आणि मग कारवाई. मोजल्याशिवाय दुकानात शिरणारा निरीक्षक तोंडघशी पडतो. त्यांनी पाय खाली ठेवला, मागे वळले आणि बागवानला फोन लावला.

बागवान लगेच आला. तो डब्यापाशीच उभा राहिल्यामुळे त्याचं बोलणं ओठ हलताच ऐकू येत होतं. दिगंबररावांना त्याचाही हेवा वाटला.

"दारापर्यंत फुल्ल येतंय, सर," हातातलं यंत्र दाखवत बागवान म्हणाला. "हे बघा की. शंभर."

"आणि आत?"

"आत तुमचं घर आहे. घरात आम्ही बघत न्हाई."

"बायकोचं अर्धंच वाक्य आलंय."

"कुठलं अर्धं?"

"पहिलं."

"मग लाईन चालू आहे," बागवान म्हणाला. "बंद असती तर पहिलं पण आलं नसतं."

दिगंबररावांनी त्याला मोबाइल दाखवला. हॉलमध्ये शंभर, आत अकरा, इथे तीस, तिथे चौसष्ट. "यांतला खरा आकडा कुठला?" त्यांनी आवाज चढवून विचारलं.

"सगळेच खरे आहेत, सर."

"सगळे कसे खरे असतील? मी आयुष्य घातलंय या कामात."

बागवानने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "तुम्ही हितनं कुठपर्यंत मोजताय ते बघायला लागतंय. हे आपोआप सगळ्यात जवळचं ठिकाण धरतंय. तुमचं धरलंय..." त्याने शोकेसकडे पाहिलं. "तुम्ही फोटोपर्यंत मोजताय."

शोकेसमध्ये महाबळेश्वरच्या सहलीतला कुमुदचा फोटो होता. ती घोड्याचा लगाम धरून हसत होती. तिच्यापर्यंत शंभर येत होते.

"ठिकाण बदलायचं असलं तर हितं दाबा," बागवान म्हणाला.

दिगंबररावांनी दाबलं. गडहिंग्लजला साखरपुड्यात पाटावर बसलेली कुमुद, सत्तर. मिरजेच्या दवाखान्यात टाके पडल्यावर त्यांच्याकडे पाठ करून झोपलेली कुमुद, चौसष्ट. पाटल्यांच्या दुकानात नुसत्या हातांनी बसलेली, तीस. सगळ्यात खाली, पुसट अक्षरांत, कुमुद, स्वयंपाकघर, आत्ता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. काटा थरथरला, जरासा उठला आणि तीनवर टेकला.

"तीन," दिगंबरराव म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वीच्या बायकोपर्यंत सत्तर आणि आत शिजवतेय तिच्यापर्यंत तीन?"

"जाणारं तर अजून कमी दाखवतंय," बागवान म्हणाला. "येणारं वेगळं, जाणारं वेगळं. जाणारं कायम कमीच असतंय. लोकांना घ्यायचं जास्त असतंय आणि द्यायचं कमी, म्हणून कंपनी तशीच लाईन देती."

"मी तिला सकाळी 'काय गं' म्हणालो, ते पोचलं असेल का?"

बागवानने पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं. "अजून वाटेत आहे," तो म्हणाला.

वेग वाढवून मिळेल का, असं दिगंबररावांनी विचारलं. मिळेल, पण आधी तक्रार नोंदवायला लागेल. आणि नोंदवायची तर मोजणी हवेतनं केलेली चालत नाही, भिंती वेग खातात. डब्यापासून थेट वायर ओढायची, जिथे त्रास आहे तिथे जाऊन वायर जोडून मोजायचं. तीनदा. तिन्ही आकडे सारखे आले तर तक्रार घेतली जाईल. दिगंबररावांनी मान डोलावली. नियम बरोबर होता. त्यांच्या खात्याचा असता तर त्यांनीही असाच केला असता.

"आणि एक," शिडी खांद्यावर घेत बागवान म्हणाला. "मोजताना दुसरं कुणी लाईन वापरत असलं तर आकडा खाली येतोय. आणि तुम्ही मोजत असला की दुसऱ्याला काय मिळत न्हाई. मोजणी सगळी लाईन खाती."

दिगंबररावांनी हे ऐकलं. पण ते तोवर वायर किती लागेल याचा अंदाज घेत होते.

वायर त्यांनी इमारतीखालच्या शहांच्या दुकानातून आणली. समोर साक्षात वजनमापे निरीक्षक उभा, त्यामुळे शहांनी आधी पट्टी पुसून घेतली. गल्ल्यासमोरच्या पितळी पट्टीवर ते निळी वायर मोजत होते आणि प्रत्येक मीटरला भीतीपोटी हातभर जास्त सोडत होते. "साहेब, माप बरोबर आहे ना?" शेवटी त्यांनी विचारलं. माप साफ चुकलेलं होतं. एरवी दिगंबररावांनी जास्तीचं मापही चुकीचंच म्हणून ऐकवलं असतं. आज त्यांनी सगळं भेंडोळं गळ्यात अडकवलं आणि जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. चुकलेलं माप त्यांनी मुकाट्याने सोडून दिलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

वायरचं एक टोक डब्यात खोचून ते पॅसेजमध्ये शिरले. लॅपटॉप काखेत, भेंडोळं गळ्यात, वायर मागे उलगडत चाललेली. कॅलेंडर आलं, थोड्या वेळाने पुन्हा आलं, पुन्हा आलं. प्रत्येकावर तोच महिना, त्याच फुल्या, आणि प्रत्येकावर दुधाचा आजचा चौकोन रिकामा. छत हळूहळू खाली येत होतं. आधी त्यांनी मान वाकवली, मग खांदे. मागे हॉलचा उजेड दाराच्या कडीएवढा झाला, पण पुढचा उजेड मोठा व्हायला तयार नव्हता. घाम येऊन काखेतला लॅपटॉप निसटू लागला. कुमुद, आलो, असं ते म्हणत होते, पण शब्द तोंडातून निघून त्यांच्या नाकासमोरच तरंगत राहत, आणि त्यांना ते ओलांडून पुढे जावं लागे.

फ्रिजपाशी त्यांना त्यांचं सकाळचं "काय गं?" भेटलं. ते भिंतीला धरून चाललं होतं. दिगंबरराव त्याला मागे टाकून पुढे गेले.

तेवढ्यात समोरून एक शब्द आला. "हाताला," कुमुद म्हणाली. शब्द त्यांच्या कानाला घासून मागे हॉलकडे, त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे निघून गेला. हाताला? हाताला भाजलं? मलम बेडरूममधल्या कपाटात होतं आणि बेडरूम आता दुसऱ्या गावाएवढी मागे राहिली होती. परत फिरायचं म्हणून ते वळायला गेले, तर वायर पायांत अडकली. ते तसेच पुढे निघाले.

स्वयंपाकघरात ते गुडघ्यांवर शिरले. पॅसेज शेवटाला तेवढाच उरला होता.

गॅसवर दूध वर आलं होतं. पातेल्याच्या काठाच्या वर साय फुगून गोल झाली होती आणि तिथेच थांबली होती. नळाखालचं पाणी दोरीसारखं लोंबत होतं. कुमुदचा डावा ओला हात ओट्याच्या काठावर होता आणि उजवा हात दाराकडे, हॉलकडे, त्यांच्या खुर्चीकडे लांब झालेला होता. बोटं पसरलेली. तोंड उघडं. तिचे गुडघे वाकले होते. ती उभी नव्हती. ती पडत होती, फार सावकाश, कदाचित कालच्या चहाच्या आधीपासून.

दिगंबररावांनी हात पुढे केला. त्यांची बोटं आणि तिची बोटं यांच्यात वीतभर अंतर होतं. ते सरकले, अंतर तेवढंच राहिलं. आणखी सरकले, ओट्याखालची भिंत गुडघ्याला लागली, तरी वीतभरच. तिचे डोळे त्यांच्याकडे वळलेले नव्हते, कारण ते तिथे असल्याचं अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. "कुमुद!" ते ओरडले. ओरडणं त्यांच्या आणि तिच्या मधल्या वीतभर जागेत जाऊन बसलं.

आता वेग वाढल्याशिवाय काही होणार नव्हतं. त्यांनी लॅपटॉप जमिनीवर उघडला आणि वायर खोचून बटण दाबलं.

काटा उठला. कुमुद थांबली. आतापर्यंत ती सावकाश का होईना हलत होती, हे तिच्या थांबण्यावरून कळलं. सायीवरचा एक बुडबुडा फुटता फुटता तसाच राहिला. काटा तीनवर टेकला.

त्यांनी वायर काढली. बुडबुडा फुटला. कुमुदचा गुडघा बोटभर खाली गेला, आणि ती म्हणाली, "धरून".

मला जरा हाताला धरून. आता एकच शब्द उरला होता आणि तो कुठला, हे दिगंबररावांना कळलं. त्यांनी पुन्हा हात लांब केला, खांदा निखळेल इतका. वीतभर. डाव्या हाताची तिची ओली बोटं ओट्याच्या काठावरून निसटत चालली होती. करंगळी सुटली होती.

त्यांनी वायर खोचली. काटा उठला, कुमुद थांबली. करंगळी हवेत राहिली. तीन.

दोन आकडे सारखे. दिगंबररावांनी वायर काढली आणि तिचं तोंड शेवटच्या शब्दासाठी उघडताना पाहिलं. ओठ जुळायला लागले होते. थांबलो तर शब्द येईल, हे त्यांना दिसत होतं. आणि शब्द आला तरी हात पोचणार नाही, हेही दिसत होतं. अजून एकदा तीन यायला हवं होतं. दोन तोलांवर शिक्का मारता येत नाही. मोजत असताना तिचं पडणं थांबतं, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. मोजतोय तोवर ती पडणार नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आयुष्यात त्यांनी कुठलंच काम इतकं जपून केलं नव्हतं. रडत, दोन्ही हातांनी, त्यांनी वायर खोचली आणि नजर काट्यावर ठेवली.

काटा उठला. तीनवर आला. तिथे क्षणभर थरथरला आणि पुढे गेला. दहा. चाळीस. सत्तर. दिगंबररावांना त्याच्यावरून नजर हलवता येईना. काटा कुठेही न अडखळता शंभरावर गेला आणि स्थिर उभा राहिला. पडद्यावर अक्षरं आली, लाईनवर दुसरं कोणी नाही.

"बसवा," कुमुद त्यांच्या कानाशी म्हणाली. लगेच, स्वच्छ, जराही उशीर न होता.

त्यांनी मान वर केली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. नळाचं पाणी धो धो वाहत होतं. ओट्याच्या काळ्या काठावर चार ओल्या बोटांचे ठसे होते, आणि ते एका कडेने वाळत निघाले होते.